ओळीबाहेर पडलेलं 'नाही'

आपल्या अंकाच्या मराठी विभागात पावसावरच्या कविता असतात, आईवर लेख असतो आणि मेसच्या जेवणावर एक तरी विनोद असतो. या वेळी मी एका ओळीवर लिहायचं ठरवलंय. ओळ कवितेची नाही, टेक्स्ट एडिटरची. स्क्रीनच्या अगदी तळाशी असते ती. विममध्ये तिथे कोलन उमटतो आणि ई-मॅक्समध्ये तिथेच 'तरी बाहेर पडायचं?' असा प्रश्न येतो. आपण सगळे ती ओळ रोज बघतो आणि वाचत मात्र कुणीच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की न वाचण्यात आपला दोष थोडा, आणि त्या ओळीत लांब मजकूर कसाही कोंबणाऱ्यांचा दोष जास्त. आणि मराठीत तर हा प्रश्न इंग्रजीपेक्षा गंभीर आहे. कसा, ते सांगते. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी बघून घ्यावं ही विनंती!)

आधी ही ओळ आली कुठून ते पाहू. कारण आपल्याला वाटतं की एवढा मोठा स्क्रीन असताना हे लोक एकाच ओळीत का बोलतात? कंजूष आहेत का? तर हो, पण त्याला कारण होतं. १९६९ साली केन थॉम्प्सननं युनिक्ससाठी 'ईडी' नावाचा एडिटर लिहिला. त्यात तुमचं काहीही चुकलं की उत्तर म्हणून एकच चिन्ह यायचं : '?'. काय चुकलं, कुठे चुकलं, पुढे काय करू, काही नाही. नुसतं प्रश्नचिन्ह. व्हायवाला एक्स्टर्नल नुसती भुवई उंचावतात ना, तसंच! त्या काळी पुष्कळ ठिकाणी स्क्रीनच नव्हता, टेलिटाइपवर कागदावर छापून यायचं. लांब मेसेज म्हणजे खडखडाट आणि वेळेचा खर्च.

मग १९७६ च्या सुमारास बर्कलीत बिल जॉयनं 'व्हीआय' लिहायला घेतला. त्याच्यापुढे एडीएम-३ए नावाचं टर्मिनल होतं, ८० रकाने आणि २४ ओळी, आणि घरून काम करताना ३०० बॉडचा मोडेम. जरा हिशोब करा. ३०० बॉड म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. पूर्ण स्क्रीन म्हणजे ८० गुणिले २४, एकूण १९२० अक्षरं. ती सगळी पुन्हा काढायला ६४ सेकंद लागणार. एक ओळ बदलायची तर अडीच-पावणेतीन सेकंद. अशा वेळी जो माणूस मेसेज एकाच ओळीत, शक्य तितका छोटा ठेवेल तो शहाणाच म्हणायचा. व्हीआयमध्ये तर 'टर्स' नावाची सेटिंगच होती, ती लावली की चुकीचे मेसेज आणखी आखूड व्हायचे. म्हणजे त्या तळच्या ओळीमागे डोकं होतं. आज आपल्या हॉस्टेलचं वाय-फाय कितीही रडत असलं तरी सेकंदाला ३० अक्षरांवर नाही आलेलं. कारण गेलं, ओळ मात्र राहिली.

आता या ओळीकडे दोन कामं आहेत हे नीट लक्षात घ्या. एक, सांगणं : 'फाइल लिहिली', 'शब्द सापडला नाही'. दुसरं, विचारणं : 'बदल ठेवायचे का?' सांगताना थोडं कापलं गेलं तर फार बिघडत नाही. विचारताना कापलं गेलं तर माणूस अर्ध्या प्रश्नाचं उत्तर देतो, आणि मशीन मात्र ते पूर्ण प्रश्नाचं उत्तर म्हणून घेतं.

आमच्या बॅचमधल्या एका मुलीचं उदाहरण सांगते. प्रॅक्टिकलची वेळ, लॅबमधला जुना मॉनिटर. तिनं एकाच स्क्रीनवर चार टर्मिनल शेजारी शेजारी लावलेली, त्यामुळे एकेक खिडकी जेमतेम ४० रकान्यांची. एका साध्या एडिटरमध्ये दोन तास खपून प्रोग्राम लिहिला. चुकून बाहेर पडायची की दाबली गेली. तळाशी प्रश्न आला : बदललेला मजकूर सेव्ह करायचा का? त्याच्यापुढे कंसात इशारा होता की 'नाही' म्हटलंत तर बदल नष्ट होतील. पूर्ण वाक्य साठेक अक्षरांचं, आणि खिडकी चाळिसाची! इशाऱ्यातला कामाचा भाग उजवीकडे बाहेर गेला. तिला वाटलं, मला बाहेर पडायचंच नाहीये, म्हणून तिनं 'एन' दाबलं. दोन तासांचं काम एका अक्षरात गेलं. सर म्हणाले, "नीट वाचत जा." सर, तिनं वाचलं होतं हो! जेवढं दिसत होतं तेवढं सगळं वाचलं होतं.

इथे कुणी म्हणेल की हे एडिटरच जुनाट, सोडून द्या. पण गंमत अशी की याच जुनाट एडिटरांनी या प्रश्नावर आपल्यापेक्षा जास्त विचार केलाय. विममध्ये मेसेज ओळीत मावला नाही तर तो वर सरकून दोन-तीन ओळी घेतो आणि मग 'पुढे जायला एंटर दाबा' असं म्हणत अडून बसतो. यात काही कापलं जात नाही, ही चांगली गोष्ट. पण दिवसातून पन्नास वेळा एंटर मागितलं की बोट आपोआप एंटरवर जातं. एक्कावन्नाव्या वेळी खरंच महत्त्वाचं काही असतं, उदाहरणार्थ हीच फाइल दुसऱ्या खिडकीत कुणीतरी उघडून ठेवलीय, तेव्हाही बोट तेच करतं. डोळ्यांना विचारतो कोण!

विममध्येच 'शॉर्टमेस' नावाचं एक सेटिंग आहे. बहुतेकांनी ते कुठल्या तरी सीनियरच्या फाइलमधून कॉपी केलेलं असतं, अर्थ माहीत नसताना. त्यात लहान 'टी' दिला की फाइलबद्दलचा लांब मेसेज सुरुवातीकडून कापला जातो आणि डाव्या टोकाला एक खूण दिसते. का? कारण फाइलच्या लांबलचक पत्त्यात शेवटचं नाव महत्त्वाचं, आधीचे फोल्डर गेले तरी चालतात. मोठा 'टी' दिला की बाकीचे मेसेज मधून कापले जातात आणि मध्ये तीन टिंबं येतात, कारण वाक्याची सुरुवात आणि शेवट दोन्ही कामाचे असतात. म्हणजे कुठून कापायचं हा निर्णय आहे, आणि तो मजकूर बघून घ्यायचा असतो, हे या लोकांना कधीच कळलेलं होतं.

ई-मॅक्सनं वेगळा रस्ता धरला. तिथे सांगायची आणि विचारायची जागा एकच, तळाची. २००१ साली आलेल्या एकविसाव्या आवृत्तीपासून ही जागा मजकुराप्रमाणे आपोआप वाढायला लागली. त्याआधी हवं असेल तर वेगळं पॅकेज लावावं लागायचं. आता नेहमीची सेटिंग 'ग्रो-ओन्ली' अशी आहे. लांब मजकूर आला की जागा वर वाढते, रिकामी झाली की परत एक ओळ होते. आणि कितीही वाढली तरी खिडकीच्या पाव भागापेक्षा जास्त नाही. मला ही कल्पना फार आवडते. पाहुणे आले की बाहेरच्या खोलीत गादी टाकायची, गेले की उचलायची. मुंबईतल्या वन रूम किचनमध्ये आपण हेच करतो की!

आता मराठीकडे येते, कारण खरा मुद्दा हा आहे.

इंग्रजीत 'करू नका' हे आधी येतं आणि काय करू नका ते नंतर. वाक्याचं शेपूट कापलं तरी नकार हातात राहतो. मराठीत क्रियापद शेवटी, आणि नकार त्याच्याही शेवटी. 'हे बदल जतन करू नका' हे वाक्य शेवटून एक शब्द कापा. उरतं काय? 'हे बदल जतन करू'. अर्थ अर्धा राहिला असता तर चाललं असतं, इथे तो बरोब्बर उलटा झाला! 'ही फाइल पुसली जाणार नाही' मधून एक शब्द काढा आणि बघा झोप लागते का. इंग्रजीत उजवीकडून कापणं म्हणजे तपशील जाणं. मराठीत उजवीकडून कापणं म्हणजे निकालच जाणं.

हे पटत नसेल तर घाटकोपर स्टेशनवर या. मी मुलुंडची. शनिवारी घरी जाताना अंधेरीहून मेट्रो पकडते (ही मेट्रो २०१४ पासून आहे म्हणून, नाहीतर आधीची पिढी दादरला वळसा घालायची किंवा बसमध्ये अडकायची), घाटकोपरला उतरते आणि सेंट्रलची गाडी धरते. आता जलद गाड्यांमध्ये काही मुलुंडला थांबतात आणि काही थेट ठाण्याला जातात. घोषणा सुरू होते : 'ही गाडी विक्रोळी, कांजुरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड या स्थानकांवर...' आणि आपण एक पाय फुटबोर्डवर ठेवून वाट बघतोय. थांबणार आहे की थांबणार नाही? पाच स्टेशनांची नावं ऐकली, अजून निकाल नाही. तेवढ्यात शेजारच्या प्लॅटफॉर्मवर गाडी आली, हॉर्न वाजला, शेवटचे दोन शब्द गेले. झालं! आता ठाण्याला जाऊन उलट्या गाडीनं परत या. इंग्रजी घोषणेत 'थांबणार नाही' पहिल्या पाच शब्दांतच येऊन गेलेलं असतं.

सरकत्या पट्टीचं तर विचारूच नका. प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरवर किंवा डब्यात दारावर जी अक्षरं सरकतात ती म्हणजे आपल्या एडिटरची तळओळच आहे, फक्त चालती. २००७ पासून आलेल्या सीमेन्सच्या गाड्यांमुळे 'पुढील स्टेशन' अशी पट्टी आपल्या सवयीची झाली. 'पुढील स्टेशन अंधेरी' एवढंच असेल तर उत्तम. एका नजरेत मावतं. पण तिथेच लांब सूचना सोडली की तुम्ही ज्या क्षणी वर बघाल त्या क्षणी मधलाच तुकडा दिसणार, आणि सुरुवात परत यायची वाट बघेपर्यंत तुमचं स्टेशन येऊन जाणार.

रेल्वेनं याच्यावर आपल्या परीनं एक जुना उपाय केलेला आहे तो मात्र मान्य करायला हवा. गाडीचं नाव जागेत मावत नाही म्हणून एक-दोन अक्षरांची खूण. बोरिवलीला 'बीओ', कल्याणला 'के', कर्जतला 'एस' आणि कसाऱ्याला 'एन'. कर्जतमध्ये 'एस' कुठे आहे असं नवीन माणूस विचारतो. कल्याणच्या पुढे एक फाटा आग्नेयेला कर्जतकडे जातो आणि एक ईशान्येला कसाऱ्याकडे, त्यांच्या इंग्रजी नावांवरून ही अक्षरं. आणि त्याच इंडिकेटरवर दुसऱ्या रकान्यात 'एस' म्हणजे स्लो! रोजच्या माणसाला हे सगळं पाठ असतं. पण गावाहून पहिल्यांदा आलेल्या आपल्या फर्स्ट इयरच्या मुलाला? त्याच्यासाठी ते ईडीचं प्रश्नचिन्हच. आखूड करणं म्हणजे सोपं करणं नव्हे. जो आधीच जाणतो त्याच्यासाठीच ते सोपं असतं.

अजून एक अडचण मोजण्याची आहे. 'स्थानकांवर' हा शब्द बघा. आपल्या डोळ्याला पाच अक्षरं दिसतात : स्था, न, कां, व, र. युनिकोडमध्ये मात्र ते दहा संकेत आहेत, कारण हलन्त वेगळा, काना वेगळा, अनुस्वार वेगळा. आणि यूटीएफ-८ मध्ये साठवलं की तीस बाइट! ज्यानं कोड लिहिताना 'एक अक्षर म्हणजे एक बाइट म्हणजे एक रकाना' असं धरलं, त्याच्या प्रोग्रामनं ३० वर कापायचं ठरवलं तर इंग्रजीची तीस अक्षरं येतील आणि मराठीचा हा एकच शब्द येईल. कधी बाइट मधोमध तुटून चौकोन दिसेल, कधी मात्रा तुटून 'पाणी'चं 'पाण' होईल. शिवाय पुष्कळ टर्मिनलमध्ये देवनागरीची जोडाक्षरं अजून धड जुळत नाहीत, वेलांटी भलत्याच जागी पडते, ते वेगळंच.

एसएमएसमध्ये हा फरक आपण पैशात मोजलाय. इंग्रजी अक्षरांत एक एसएमएस १६० अक्षरांचा, देवनागरीत तोच ७० चा. लांब झाला की तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यात जोडणीसाठी थोडी जागा जाते, म्हणून १५३ आणि ६७. आईला मराठीत मेसेज करायचा तर दोन मेसेजचे पैसे. मग आपण काय केलं? मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायला लागलो. 'माझी भाषा सोडली' असं कुणी ठरवून करत नाही. जागा पुरत नाही म्हणून हळूहळू होतं ते. तंत्रज्ञानातला एखादा आकडा भाषेवर एवढा परिणाम करतो, म्हणून मला हा विषय मराठी विभागात लिहावासा वाटला.

आता विरोधी बाजू. ती आहे, आणि तिच्यात दम आहे. माझा एक मित्र ई-मॅक्समधली वाढणारी ओळ बंद करून ठेवतो. म्हणतो, मी लिहीत असताना तळ वर-खाली झाला की मजकूर हलतो आणि नजर चुकते. खरंय. ज्या ओळीवर काम चाललंय ती स्वतःहून सरकली तर कुणालाही राग येईल. दुसरं म्हणणं असं की एका ओळीचं बंधन लिहिणाऱ्याला शिस्त लावतं. तेही खरं. विमचा प्रसिद्ध मेसेज घ्या : शेवटच्या बदलानंतर लिहिलेलं नाही, तरी जायचं तर उद्गारचिन्ह जोडा. इंग्रजीत हे नंबरासकट पन्नासेक अक्षरांत बसतं. काय झालं आणि आता काय करता येईल, दोन्ही आलं. ज्यानं तो लिहिला त्याला एका ओळीनंच असं लिहायला लावलं. मोकळी जागा दिली तर लोक काय करतात ते आपण सॉफ्टवेअरच्या लायसन्समध्ये बघतोच. चाळीस पानं, आणि खाली 'मला मान्य आहे'.

तिसरं म्हणणं : ओळच कशाला, पेटी उघडा ना मधोमध! पण मधोमध पेटी म्हणजे ज्या मजकुराबद्दल प्रश्न आहे तोच झाकणं. 'हा शब्द बदलू का?' असं विचारायचं आणि शब्दावर बसायचं, याला काय अर्थ आहे? तळाची ओळ याबाबतीत सभ्य आहे. ती कुणाच्या अंगावर येत नाही.

म्हणून माझं मत ओळीच्या विरोधात नाही. ओळ राहू द्या. सांगताना ती एकच असू दे, मावलं नाही तर कापा, पण कापलंय हे दिसू दे आणि पूर्ण मजकूर कुठे मिळेल ते ठाऊक असू दे. विचारताना मात्र कापायचं नाही म्हणजे नाही. तेव्हा ओळ वाढलीच पाहिजे, मजकूर हलला तरी चालेल, कारण प्रश्नाचं उत्तर देईपर्यंत आपण तसंही लिहीत नसतो. माझ्या मित्राचा आक्षेप सांगण्याला लागू होतो, विचारण्याला नाही. आणि ज्या प्रश्नाचं उत्तर मागे घेता येणार नाही, त्याला एका अक्षराचं उत्तर पुरेसं मानू नये. ई-मॅक्समध्ये साध्या प्रश्नाला 'वाय' किंवा 'एन' चालतं, पण न ठेवलेले बदल टाकून बाहेर पडायचं असेल तर 'येस' हा अख्खा शब्द लिहून एंटर मारावं लागतं. आळशी लोकांनी (म्हणजे आपण सगळ्यांनी) ते बंद करायच्या युक्त्या शोधल्या, आणि अठ्ठाविसाव्या आवृत्तीपासून त्यासाठी अधिकृत सेटिंगही आली. पण मूळ विचार बरोबर होता. तीन अक्षरं टाइप करेपर्यंत मेंदू जागा होतो.

मराठीत लिहिताना आणखी एक गोष्ट करावी लागेल. इंग्रजी प्रश्नाचं शब्दाला शब्द भाषांतर करून चालणार नाही, निकाल पुढे आणावा लागेल. आपल्या भाषेत ते जमतं, आपण रोज करतो. 'थांबणार नाही : विक्रोळी, कांजुरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड' असं लिहा. आता शेवट गेला तरी एखादं स्टेशन जाईल, अर्थ उलटा होणार नाही. 'प्रवेश बंद', 'हात लावू नये', 'आज पाणी नाही' या पाट्या एका ओळीत सगळं सांगतात. आणि उत्तरात 'हो / नाही' ऐवजी क्रिया लिहा : 'ठेवा', 'टाकून द्या', 'परत जा'. मग प्रश्न अर्धा दिसला तरी बटणावर काय होणार ते कळतं. आमच्या बॅचमधल्या त्या मुलीसमोर 'टाकून द्या' असा पर्याय असता, तर तिचं बोट तिथे गेलं असतं का?

उलट उदाहरण हवं असेल तर कुठल्याही कार्यालयीन पत्रातली 'विषय' ही ओळ वाचा. 'विषय : वसतिगृहातील पाणीपुरवठ्याबाबत.' बाबत काय? येणार की जाणार? ते तिसऱ्या परिच्छेदात. तोवर नोटीस बोर्डसमोर टॉवेल आणि बादली घेऊन दहा जण उभे. 'विषय : शनिवारी सकाळी ७ ते ११ पाणी नाही' एवढं लिहिलं तर पुढचं पत्र वाचायची गरजच पडणार नाही. ज्यांनी गिट वापरलंय त्यांना हा नियम माहीत आहे. पहिली ओळ पन्नासेक अक्षरांत, काय केलं ते सांगणारी, मग एक ओळ रिकामी, मग हवा तेवढा तपशील. प्रोग्रामर लोकांनी आपसात पाळलेली ही पद्धत नोटीस बोर्डाला काय वाईट आहे?

आता नुसती टीका करून थांबणं बरं नाही, म्हणून आपल्या कॉलेजपुरत्या तीन मागण्या मांडते. पैसे एकीलाही लागत नाहीत.

पहिली मागणी लॅबसाठी. सगळ्या मशीनवर विमचं 'सीएमडीहाइट' हे सेटिंग एकाऐवजी दोन करा. तळाला दोन ओळी मिळाल्या की निम्म्या वेळा एंटर मागणंच बंद होतं. विमची स्वतःची मदत-पानंही हाच सल्ला देतात. आणि पहिल्या प्रॅक्टिकलमध्ये, कॉपी-पेस्ट शिकवायच्या आधी, निसटलेला मेसेज परत कसा बघायचा ते शिकवा. विममध्ये कोलन देऊन 'मेसेजेस', ई-मॅक्समध्ये कंट्रोल-एच आणि मग 'ई'. थर्ड इयरच्या किती जणांना हे ठाऊक आहे ते एकदा हात वर करायला लावून बघा.

दुसरी मागणी प्रोजेक्टसाठी. आपण दरवर्षी लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्टेल मॅनेजमेंट, मेस मॅनेजमेंट सिस्टिम बनवतो (मॅनेजमेंट कोर्सवाले जळतात आपल्यावर!). डेमोच्या वेळी परीक्षकांनी फक्त एक करावं. खिडकी ४० रकान्यांइतकी अरुंद करावी आणि 'डिलीट' दाबावं. प्रश्न पूर्ण दिसला तर मार्क, नाही दिसला तर कापावेत. प्रश्न जिथून कापलाय तिथूनच मार्क कापा, आमची हरकत नाही.

तिसरी मागणी मराठीसाठी. ज्या प्रोजेक्टला मराठी स्क्रीन असेल त्याचे मेसेज इंग्रजी फाइल समोर ठेवून शेवटच्या रात्री भरू नयेत. आधी मराठीत विचार करून लिहावेत, आणि मेसमधल्या एखाद्या काकांना किंवा गेटवरच्या मामांना दाखवावेत. त्यांना एका वाचनात कळलं तर ठेवा. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांना तर हे फारच गरजेचं आहे, कारण आम्ही डोक्यात इंग्रजी वाक्य तयार करतो आणि मग त्याला मराठी कपडे घालतो. ते कपडे नेमके शेवटी आखूड पडतात, 'नाही'च्या जागी.

सबमिशनच्या आठवड्यात एवढ्याशा ओळीची कुणाला पडलीय, असं तुम्ही म्हणाल. पण या आठवड्यातच तळाला सगळ्यात जास्त प्रश्न येणार आहेत, आणि रात्री तीन वाजता आपण सगळ्यात कमी वाचणार आहोत. तेव्हा आज जेवण झालं की आपापल्या मशीनवर ते एक सेटिंग तरी बदलून बघा. आणि लॅब असिस्टंट सरांना विनंती, सोमवारी मशीन लावाल तेव्हा एवढं कराच. बॅचची एक तरी फाइल वाचेल.